वन्स मोअर काका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मोरेश्वर काकांचं आडनाव विचारलंत तर कुणी सांगू शकणार नाही. ‘वन्स मोअर काका’ म्हणालात तर थेट घरापर्यंत आणून सोडतील. मराठी मंडळाचा कार्यक्रम कुठलाही असो, काका पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, आणि पद संपतं न संपतं तोच यांची आरोळी छताला: “वन्स मोऽऽअर!” एका गणपतीत तर डेंटिस्ट अतुलने माइक चालू आहे का बघायला नुसतं खाकरून ‘सा’ लावला. काकांनी त्यालाही वन्स मोअर दिला. बिचाऱ्याने भाबडेपणाने पुन्हा खाकरून दाखवलं.

माणूस मूळचा नागपूरचा, धंतोलीतला. वर्षानुवर्षं बर्फातून स्टेशन गाठून शिकागोला नोकरी केली आणि रिटायर झाला. स्वतःला एक ओळ सुरात येईल तर शपथ. त्यांच्या पत्नी शैलजा काकू पुण्याच्या, त्या तोंडावर सांगतात, “यांनी आरती म्हटली की देव लगेच पावतो, थांबवण्यासाठी.” काकांना त्याचं काही वाटत नाही. ते म्हणतात, “गाणारे पासरीभर पडलेत राजेहो! ऐकणारा कुठे आहे?”

यांची एकुलती एक लेक रेणू. जन्म इथलाच, काम फिजिओथेरपिस्टचं. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची, तिथून कॉलेजात कुणीतरी तिला आयरिश लोकसंगीताची गोडी लावली आणि ती पार वेडी झाली. दर रविवारी दुपारी गावातल्या एका पबमध्ये ते वाजवणारे जमतात. त्याला सेशन म्हणतात. रेणू तिथे मागच्या रांगेत बसून जमेल तेवढं वाजवायची. एका रविवारी काकूंनी घर आवरायला काढलं आणि काका मधेमधे येतायत म्हणून त्यांना रेणूच्या गाडीत बसवून दिलं. चूक म्हणा, पुण्य म्हणा, जे काही ते काकूंचं.

काकांची कल्पना अशी की स्टेज असेल, समई नाही तरी निदान निवेदक असेल. बघतात तर एक गोल टेबल. त्याभोवती फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), बासरी, बँजो, एक हाताने बडवायची डफासारखी ढोलकी, आणि सगळ्यांची तोंडं आत, पाठी लोकांकडे!

“अगं, हे आपल्याकडे पाठ करून कुणासाठी वाजवतायत?”

“एकमेकांसाठी, बाबा.”

काकांनी हे वाक्य दोनदा मनात घोळवलं. एवढ्यात टेबलाचा म्होरक्या डेक्लन, रिटायर झालेला प्लंबर, पांढऱ्या मिशा, ढेरीवर टेकवलेली फिडल, त्याने कुणाला न सांगता न विचारता एक धून सुरू केली. बासरी मागून आली, बँजो उडी मारून बसला, आणि बघता बघता काय सांगू, टेबलावरचे ग्लास थरथरायला लागले! पाय आपोआप जमिनीवर पडू लागले. काकांचं अंग शहारलं. मधेच कुणीतरी ओरडलं, “हप!”

“अरे बापा! इथे पण दाद देतात!” काका खुर्चीतून अर्धे उठलेच.

आता उत्साहात मधे कुणीही “हप” ओरडलं तरी चालतं, पण इथली खरी रीत अशी, की एक धून तीनदा वाजवायची आणि तिसरी संपता संपता म्होरक्याने “हप!” म्हणायचं. मग सगळा घोळका क्षणभरही न थांबता दुसऱ्या धुनेवर उडी घेतो. सेशनची सगळी मजा त्या उडीत. काकांना हे कुणी सांगितलं होतं? त्यांना वाटलं, चीज संपली. डेक्लनचा “हप” आणि काकांचा “वन्स मोऽऽअर!” एकाच वेळी सुटले.

मग जो गोंधळ झाला तो त्या पबने कधी पाहिला नसेल. पुन्हा एकदा वाजवायचा हुकूम सुटलाय असं वाटून निम्मे जुन्या धुनेकडे परत फिरले. निम्मे नव्या धुनेवर पोचले होते. बँजोवाला मधल्या मधे लटकला. बासरीवाल्या बाईंना हसू आवरेना, त्यामुळे बासरीतून नुसती हवा. डफवाला तेवढा डोळे मिटून एकटाच जोरात बडवत राहिला. बारमागचा पोऱ्या बिअर ओतणं थांबवून बघत उभा. अखेर सगळं कोसळलं आणि डेक्लनने हळूच मान वळवून विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

रेणूला वाटलं धरणी दुभंगावी. काका मात्र उठून, छातीवर हात ठेवून म्हणाले, “तुमचा एक चाहता!”

डेक्लन इतका हसला की त्याच्या मांडीवरची फिडल घसरली. जाताना त्याने रेणूला थांबवलं. म्हणाला, पुढच्या रविवारी पुढे येऊन बस, आणि मागे बसून तू वाजवत असतेस ती संथ धून एकटीने वाजव. आम्ही ऐकू.

एकटीने! म्हणजे टेबलावर जागा मिळाली. रेणू याची किती वर्षं वाट बघत होती हे फक्त काकूंना ठाऊक. पण गाडीत बसल्याबरोबर तिचा चेहरा फुगला.

“बाबा, नेक्स्ट संडे तू येऊ नकोस.”

“असं कसं? मी येणारच!”

“आलास तर एक शब्द नाही. नो वाह, नो वन्स मोअर, नथिंग. ती स्लो ट्यून आहे, मधे कुणी बोललं की मी फ्रीझ होते. प्रॉमिस कर.”

“अगं, पण दाद...”

“दाद?” रेणूने सिग्नलला करकचून ब्रेक लावला. “अतुलकाकाच्या खोकल्याला दिलीस. टेबलावरच्या स्ट्रेंजर्सना दिलीस. शाळेपासून वाजवतेय मी, मला कधी दिलास वन्स मोअर?”

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, गाडी पुढे निघाली. खरंच दिला नव्हता. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर ते एवढंच विचारायचे, “जॅकेट घेतलंस ना?” घरी आल्यावर त्यांनी मुकाट्याने प्रॉमिस केलं. रात्री जेवलेही नाहीत धड.

आठवडाभर काकांचा जीव टांगणीला. बोलले तर पोरीचं वाजवणं बिघडेल, नाही बोलले तर हाही वन्स मोअर राहून जाईल. रविवारी पहारा म्हणून काकू स्वतः सोबत आल्या. त्यांनी काकांसमोर फ्राइजची मोठी प्लेट ठेवली आणि बजावलं, “तोंड उघडावंसं वाटलं की एक आत टाकायचा. कळलं?”

आधी जोरकस धुना झाल्या. एवढ्या फर्मास, की काकांचं आधी तोंड भरलं आणि मग प्लेट रिकामी झाली. टेबलावरचे लोक अधूनमधून त्यांच्याकडे वळून बघायचे. काका लाल चेहऱ्याने नुसते चावत बसलेले! काकूंनी तर त्यांचं मनगटच धरून ठेवलं होतं.

मग डेक्लनने मान हलवली, सगळा पब गप्प झाला आणि रेणूने फिडल हनुवटीखाली घेतली.

ती धून अगदी साधी होती. पहिल्यांदा ती जपून वाजवत गेली. दुसऱ्यांदा सूर वर चढू लागला आणि शेवटची पायरी उरली असताना ती थांबली. काका खुर्चीच्या कडेला सरकले. गेलं, त्यांना वाटलं, अडखळली पोरगी. आणि तेवढ्यात ती त्या सुरावर अशी हलकेच जाऊन टेकली की काकूंनी धरलेलं मनगट कधीच सोडून दिलं होतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

धून संपली. कुणी टाळी वाजवली नाही. सगळं टेबल वळून काकांकडे बघत होतं. मागच्या रविवारची आरोळी ऐकलेले सगळे तिचीच वाट बघत होते.

“काय हो,” डेक्लन म्हणाला, “इतकं वाईट झालं?”

रेणूचा चेहरा उतरला. काकांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट रेणूकडे दाखवलं, मग दोन्ही हात जोडले. पाच-सहा वर्षांच्या पोरासारखी त्यांची तारांबळ बघून रेणूला एकदम हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“ओके, ओके. सोडलं तुला, बाबा. बोल.”

काकांनी तोंड उघडलं. अख्ख्या नेपरव्हिलला माहीत असलेला तो आवाज फुटेचना. फुटला तो अगदी बारीक, आणि मराठीत.

“तू वर जाताना थांबलीस ना गं, तिथे माझा जीव गेला. आणि मग तू त्या सुरावर अशी आलीस, अशी आलीस... रोज दाराआडून ऐकायचो मी तुला. लहान होतीस तेव्हापासून, रोज. आपल्याच पोरीचं कौतुक चारचौघांत कसं करायचं, दृष्ट लागेल, असं वाटायचं मला. काहीतरीच. फार सुंदर वाजवतेस तू, रेणू. फार सुंदर.”

पबमध्ये कुणाला एक अक्षर कळलं नाही. रेणू मान खाली घालून फिडलच्या तारा चाचपत बसली होती. शेवटी डेक्लनने हळू आवाजात विचारलं, “काय म्हणाले ते?”

रेणूने आईकडे बघितलं. तेव्हा शैलजा काकू उठून उभ्या राहिल्या, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीला नाक पुसलं आणि खणखणीत इंग्रजीत अख्ख्या पबला सांगितलं, “ते म्हणतायत की ते महामूर्ख आहेत. पोरीला पुन्हा वाजवू द्या!”

हशा, टाळ्या, टेबलं बडवणं, कुणाच्या तरी ग्लासातली बिअर कुणाच्या तरी मांडीवर. रेणूने डोळे पुसून फिडल उचलली. धून पुन्हा सुरू झाली, दुसऱ्यांदा वर चढू लागली, आणि त्या शेवटच्या पायरीशी ती या खेपेला जरा जास्तच थांबली, मुद्दाम, बाबांकडे बघत.