टाहोपुरता दम

ताश्तान धावायला लागला तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस होतं आणि पोट चांगलं पुढे आलेलं. मॉस्कोत बारा वर्षं भिंतींना गिलावा करून परतलेला माणूस रविवारी सकाळी चड्डी घालून रस्त्याने पळतो, याला इस्सिक-कुल सरोवराच्या काठावरचं गाव हसणारच. आम्हीही हसलो. कारण कळल्यावर मात्र गप्प बसलो.

आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा घरी चालत येत नाही. गल्लीच्या तोंडापासून धावत, बापाच्या नावाने टाहो फोडत तो अंगणात शिरतो, आणि काठ्या टेकून उभे असलेले भाऊबंद रडत त्याला सामोरे जातात. ताश्तानचा बाप सापारआली जानेवारीत गेला. तिकीट मिळेपर्यंत त्याला माती देऊन झाली होती. चौथ्या दिवशी ताश्तान टॅक्सीतून उतरला, धावला, आणि वीस-पंचवीस पावलांत त्याला धाप लागली. गुडघ्यांवर हात टेकून तो सगळ्यांदेखत नुसता खोकत राहिला. कोणी वाईट बोललं नाही, पण बाप आपल्या रडण्यावाचून गेला हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

बापाच्या वर्षाच्या जेवणाला बाजारगावापासून घरापर्यंत तीस किलोमीटर धावत यायचं आणि शेवटी टाहो फोडण्याइतका दम उरवायचा, असं त्याने ठरवलं. थोरला भाऊ जुमाश म्हणाला, त्या दिवशी शोक संपतो, तेव्हा कोणी रडत येत नाही. ताश्तानने ऐकून घेतलं आणि रविवारी पुलापर्यंत पळून आला. सहा किलोमीटरचे आठ झाले, आठाचे बारा. दर चौथ्या आठवड्याला पायांना विसावा म्हणून तो अंतर कमी करी. वेग असा ठेवी की धावताना बोलता यावं, आणि ते येतंय का हे पाहायला मधूनच ओरडे, "बाबा!" आवाज निघे, पण गुरं हाकल्यासारखा कोरडा.

नोव्हेंबरात चोवीसची पाळी आली. बारा किलोमीटरवरच्या गावात एका घराच्या फाटकाशी पाण्याचा पंप होता. ताश्तान "बाबा! बाबा!" करत थेट तिकडे धावत सुटला. दारात काठीने लोकर पिंजत बसलेली बुरुल आपा तो टाहो ऐकून काठी टाकून उठली. तिचा एकुलता मुलगाही मॉस्कोतच होता.

"कोण गेलं? माझा एसेन?"

आपण पाणी प्यायला आलोय हे ताश्तान पुन्हा पुन्हा सांगत राहिला, पण फोनवर मुलाचा आवाज कानी पडेपर्यंत म्हातारीने त्याची बाही सोडली नाही. मग मात्र तिने त्याला असं फैलावर घेतलं की विचारू नका. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"नाव काय होतं त्यांचं?"

"सापारआली."

"कसे होते?"

"मेंढी कातरताना तिला कधी साधा ओरखडा उठू दिला नाही त्यांनी," तो म्हणाला. "आणि मला फोनवर कधी, ये, म्हणाले नाहीत."

बुरुल आपाने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि सापारआलीचं नाव घेऊन, स्वतःच्या घरचं माणूस गेल्यासारखा, सुरात विलाप मांडला. तिचं फाटक धरून ताश्तान ओक्साबोक्शी रडला. घरी जायला अजून बारा किलोमीटर होते, आणि तेही तो धावला.

वर्षाच्या दिवशी तो तीस किलोमीटर धावत आला. पाहुणे जेवायला बसले होते. जुमाश मात्र काठी टेकून एकटाच अंगणात उभा होता, धाकट्याची वाट पाहत. वर्षभर सगळ्यांचं रडणं त्यानेच झेललं होतं, आणि सगळ्यांना जेवणंही त्यानेच घातली होती. ताश्तानच्या छातीत भरपूर दम होता. तो भावाजवळ जाऊन थांबला.

"मी रडून आलोय, दादा," तो म्हणाला. "आता तुम्ही रडा. मी आहे."