अक्काच्या स्लॅबमधली बादली

न धुतलेला काँक्रीटचा मिक्सर दिसला की मला आजही किळस येते. ड्रमच्या आत जुन्या सिमेंटचे थर, पात्यांना गाठी, इंजिनावर काळं चिकट तेल. हुमनाबादला बांधकामाच्या वर्गात मी पोरांना हेच शिकवतो. काम संपलं की ड्रम धुवा, पट्टा तपासा, आवळलेल्या, म्हणजे घट्ट व्हायला लागलेल्या, मालात पुन्हा पाणी घालू नका, स्लॅब कच्चा राहतो. फळ्यावर अक्षर छान येतं माझं. आता त्या अक्षराचीही शिसारी येते.

काही वर्षांपूर्वी मुडबीला थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, घराचं काम चाललं होतं. दाजी गेल्यावर तिनं पत्र्याखाली दोन मुली वाढवल्या. डोक्यावर पक्कं छत हा तिचा एकच ध्यास. स्लॅबच्या दिवशी मला म्हणाली, "तू उभा ऱ्हा. मला त्यातलं काई कळत न्हाई."

आमच्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं लग्नच. पाहुणे येतात, बोकड कापतात, आणि शेवटचं घमेलं वर पडल्याशिवाय पंगत बसत नाही. वरच्यानं घमेलं एकदा वाजवलं की माल पाठवायचा, दोनदा वाजवलं की थांबायचं. आरडाओरड्यात एवढंच कळतं.

भर दुपारी मिक्सरचा पट्टा तुटला. तुटणारच होता, कोणी कधी पाहिला होता त्याच्याकडे? मीही सकाळी पाहिला नव्हता. बसवकल्याणहून नवा येईपर्यंत दोन तास गेले आणि ड्रममधला कालवलेला माल आवळून आला.

मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "सर, हे फेकू या. पानी मारलं तर फिरंल, पन बरं न्हाई."

मांडवातून मामा ओरडले, "अरं, मटन गार व्हायलंय!" पाहुणे माझ्याकडे बघत होते. वरून घमेलं वाजत होतं, एकदा, थोड्या वेळानं परत एकदा: माल पाठवा. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणारा मी म्हणालो, "घाला एक बादली."

मिस्त्रींनी बादली ओतली. पंगतीत मी दोनदा रस्सा मागून घेतला.

तिसऱ्या पावसाळ्यात अक्काच्या पलंगावर, छताच्या ज्या कोपऱ्यात तो माल पडला होता तिथंच, ओल आली. मग रंग फुगला, सळई गंजली, आणि गेल्या वर्षी हातभर तुकडा थेट अक्काच्या उशीवर पडला. ती तेव्हा अंगणात होती म्हणून वाचली.

अक्कानं गावभर सांगितलं, मिस्त्रीनं वाटोळं केलं. त्यांना कामाला बोलवणं बंद झालं. लोक माझ्यासमोर त्यांना शिव्या घालायचे आणि मी मान डोलवायचो. स्वतःची इतकी घाण कधी वाटली नव्हती.

परवा न राहवून सांगितलं. अक्का भाकरी थापत होती.

"अक्का, त्या दिवशी पाणी मी घालायला लावलं."

तिचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय. मी चा घेऊन तुझ्या मागंच उभी व्हते."

"मग मिस्त्रीचं नाव कामून घेतलीस?"

"तू तितं पोरायला शिकवतूस," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

मला तिचीही किळस आली, आणि तिनं हे माझ्यासाठी केलं म्हणून माझी जास्त.

मिस्त्री आता हायवेवरच्या ढाब्यावर लॉऱ्या धुतात. माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच. मी दिसलो की पाण्याचा पाइप बाजूला धरतात, माझ्या कपड्यांवर उडू नये म्हणून, आणि म्हणतात, "नमस्कार, सर."