पोत्यातल्या रिंगा

साठ-एकसष्टची गोष्ट. यवतमाळला वणी रोडवरच्या एका गॅरेजात मी टायरवाला होतो. राजूरकडून कोळशाचे ट्रक यायचे. टायर उचकटायच्या दोन टाम्या, एक घण आणि माझे दंड, एवढ्यावर मी टायर चढवायचो. मग मालकाच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्यानं नागपूरहून टायर चढवायची मशीन आणली आणि ती चालवणारा माणूसही. मला म्हणाला, दोघांचं काम नाही, दिवाळीनंतर एकालाच ठेवीन. घरात माझ्या दोन पोरी. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

मशीन रिम घट्ट धरायची, तिचा लोखंडी हात टायर दाबून बसवायचा. मग टायर निसटू नये म्हणून रिमच्या कडेला लोखंडी रिंग बसवायची आणि हवा भरायची. हवेआधी हा बाबा चाकाला जाड साखळीचे तीन वेढे घालायचा, नळी लांब करून बाजूला उभा राहायचा. मी तर रिंगवर पाय ठेवून हवा भरायचो! ज्याला स्वतःच्याच कामाचा भरवसा नाही, त्याच्या टायरवर घाट कसा उतरता रे, असं मी ड्रायव्हरांना सांगत सुटलो.

त्यात खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहायला तो आलाच नाही. छप्पनला दीक्षा घेतलेल्यांपैकी होता. मी तेही सगळ्यांना सांगितलं. लाज वाटते आता, पण सांगितलं.

एक दिवस दुपारी मी त्याला पकडलंच. माझ्या रिंगांच्या ढिगातली एक उचलून, इकडे तिकडे पाहून, त्यानं मशीनमागच्या पोत्यात टाकली. म्हटलं, घ्या, बापा! भंगारात विकून राह्यला. मालकाला हाताला धरून आणलं आणि ड्रायव्हरांसमोर पोतं उपडं केलं.

अकरा रिंगा निघाल्या. अकराही माझ्या. वाकलेली रिंग ऐरणीवर ठोकून सरळ करायची आणि पुन्हा वापरायची, यात माझा हातखंडा होता. मालकही खूश असायचा, नवी रिंग घ्यावी लागत नव्हती ना. या माणसानं एक रिंग उचलली, घणाच्या खुणेजवळची केसाएवढी चीर मालकाला दाखवली. घणानं लोखंड फाटतं, अशा रिंगा चाकावर चढू नयेत म्हणून बाजूला काढत होतो, म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा! माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातली रिंग हिसकली, तिथल्याच एका चाकावर बसवली, वर पाय ठेवला आणि नळी लावली. त्यानं लगेच साखळीचे वेढे टाकले. मी वाकून साखळी काढायला गेलो, तर त्यानं मला कमरेत धरून मागं ओढलं. दोघंही मातीत पडलो.

तेवढ्यात धाड्कन आवाज झाला. रिंग उडाली, साखळीचे दोन वेढे तोडून तिसऱ्यात अडकली. दोन क्षणांपूर्वी तिथंच माझा पाय होता, वर तोंड होतं.

मालक आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहत होता. दिवाळी आठ दिवसांवर होती. मीच म्हणालो, "मालक, यालेच ठेवा." पोरींचं काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

तो कपडे झटकत उठला. मालकाला म्हणाला, मशीनवर दोन माणसं लागतात, एकट्याच्या भरवशावर मी हवा भरणार नाही. मग माझ्याकडे वळला.

"भाऊ, माह्यावर जेवढी नजर ठेवली, तेवढी रिंगवर ठेवा. म्हातारे व्हाल."

मालकानं दोघांनाही ठेवलं. त्या अकरा रिंगा मीच घणानं तोडल्या. सोळा वर्षं आम्ही त्या मशीनवर काम केलं, आणि साखळी रोज मी बांधली.

आता सत्तरी उलटली माझी. गेल्या वर्षी त्याच्या मातीला दोन्ही पायांनी चालत गेलतो.