मिस्त्रींचा पुठ्ठा

कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे मिस्त्री म्हणायचे आणि पाठ वळली की शंकासुर. दोन्ही नावं त्यांनी स्वतः कमावलेली होती. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढायचे आणि पुन्हा ओढायचे. बायकोने आणलेलं दूध हुंगल्याशिवाय त्यांच्या चहात पडत नसे. "माझ्यावर नाही तर निदान दूधवाल्यावर तरी विश्वास ठेवा," ती म्हणायची. मिस्त्रींना दूधवाल्याचाच जास्त संशय होता.

मशीनवर हा स्वभाव उपयोगी पडायचा. कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आंधळं असतं. कटर लोखंडापासून किती वर आहे, हे आधी माणसाने त्याला सांगावं लागतं. त्यासाठी कटरखाली पातळ कागद धरायचा, कटर हळूहळू खाली आणायचा आणि कागद जरासा अडकला की ती उंची मशीनमध्ये भरायची. सगळे कागद वापरत. मिस्त्री बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा वापरत आणि मशीनला मात्र कागदाचीच जाडी सांगत. त्यामुळे कटर नेहमी पुठ्ठ्याइतका वर राहायचा. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलेलं लोखंड कुणाच्या बापाला परत चिकटवता येत नाही. तो पुठ्ठा त्यांच्या वरच्या खिशात असायचा आणि त्याबद्दल ते कुणाशी चकार शब्द बोलत नसत.

मशीनने कुठे, किती खोल कापायचं याचा प्रोग्राम लिहायचं काम काही वर्षांपासून त्यांच्या मुलीकडे होतं. ती काचेच्या केबिनमध्ये बसायची आणि कारखान्यात त्यांना इतरांसारखं मिस्त्रीच म्हणायची. बाबा फक्त घरी. तिचे सुरुवातीचे जॉब, म्हणजे मशीनवर कापायचे तुकडे, जरा कमी कापले गेले तेव्हा मिस्त्रींनी जाहीर केलं, "कॉम्प्युटरचा दोष." तिने ते जॉब मोजले आणि ती केबिनमध्ये परत गेली. नंतरचे जॉब बरोबर यायला लागले. पोरगी शिकली, असं मिस्त्रींना वाटलं.

मग मालकांच्या डोक्यात आलं, की प्रोग्राम बनवायचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं. दोन सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर होती. एक मालकांच्या मेहुण्याने सुचवलेलं. त्याच्याबरोबर ते चालवणारा माणूसही येणार होता, म्हणजे केबिनमधली खुर्ची मुलीच्या हातून जाणार हे उघड होतं. दुसरं मुलीने निवडलेलं. मालकांनी तोडगा काढला: आधी मुलीच्या सॉफ्टवेअरवर एक जॉब करून बघू. बरोबर आला तर तेच घेऊ, नाहीतर मेहुण्याचं.

मिस्त्रींना दोन्हींचा संशय आला. मेहुण्याचा तर जुनाच होता. पण मुलीचं सॉफ्टवेअर विकणारा तो टायवाला त्यांना त्याहून नडला. त्याने पडद्यावर जॉब कापून दाखवला. रंगीत कटर गरगर फिरला, आवाज नाही, लोखंडाच्या चिपा नाहीत, तेलाचा डाग नाही. "पडद्यावर कधी काही मोडत नाही," मिस्त्री पुटपुटले. टायवाला हसला, तेही त्यांना खटकलं. उगाच हसणाऱ्या माणसाला काहीतरी खपवायचं असतं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्यानंतर मुलीचे फोन वाढले. मिस्त्री केबिनजवळ गेले की तिचा आवाज खाली यायचा. घरी जेवताना त्यांनी विचारलं, "कुणाशी बोलत असतेस एवढं?"

"सॉफ्टवेअरवाल्याशी. कामाचं."

"कामाचं बोलायला दार कशाला लावायला लागतं?"

"मशीनचा आवाज येतो, बाबा."

इतकी वर्षं मशीनचा आवाज तिला कधी आला नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मिस्त्रींनी ताडलं. टायवाल्याने तिला काहीतरी कबूल केलं असणार, आणि नवं सॉफ्टवेअर आलं की म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी बसवायचं ठरलं असणार. स्वतःच्या पोरीने असं करावं, हा विचार त्यांना घास गिळू देईना.

चाचणीच्या दिवशी सकाळी ते पाना शोधायच्या निमित्ताने केबिनच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. आत ती फोनवर होती.

"मी काल सांगितलं तेच सांगते. आमच्या मिस्त्रींना शिकवणार असाल तरच घेऊ. हो, त्यांना पण. आणि अक्षरं मोठी करून द्या, त्यांना चष्म्यातून बारीक दिसत नाही. मी सांगितलं म्हणून बोलू नका त्यांच्याजवळ, चिडतील."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाना त्यांच्याच हातात होता. ते मशीनपाशी गेले आणि बराच वेळ नुसतेच टेबल पुसत राहिले. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आयुष्यात केली नव्हती. खिशातला पुठ्ठा खिशातच ठेवला आणि शेजारच्या मशीनवरून पातळ कागद मागून आणला. पोरीच्या प्रोग्रामवर एकदा पूर्ण भरवसा ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं.

जॉब साधा होता. पोलादी ठोकळ्यात एक कप्पा कापायचा आणि आधीच तयार असलेलं झाकण त्यात वरच्या कडेला समपातळीत बसायला हवं. मशीन चाललं, पाणी उडालं, चिपा निघाल्या. मालक, मेहुणा, टायवाला, मुलगी, सगळे भोवती उभे होते. मालकांनी झाकण कप्प्यात ठेवलं. ते कडेच्या खाली गेलं.

"जास्त कापलंय," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही.

टायवाल्याचं हसू मावळलं. मालकांनी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती पडद्याकडे बघत नव्हती. ती मिस्त्रींच्या वरच्या खिशाकडे बघत होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "सॉफ्टवेअरची नाही. मी खोली जास्त दिली."

"किती जास्त? आणि का?" मालकांनी विचारलं.

तिची नजर पुन्हा त्या खिशाकडे गेली. मिस्त्रींनी ती नजर पकडली आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांनी झाकण उचललं, खिशातला पुठ्ठा काढून कप्प्याच्या तळाशी ठेवला आणि त्यावर झाकण बसवलं. कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठे अडला नाही.

"एवढी जास्त," मिस्त्री म्हणाले. "मी कायम चोरून पुठ्ठा लावतो, साहेब. हिला ते ठाऊक होतं, म्हणून ही कायम तेवढी खोली वाढवून देते. आज मी पुठ्ठा लावला नाही. तिला सांगितलंही नाही."

"का नाही लावला?" मालकांना कळेना.

मिस्त्रींनी मुलीकडे बघितलं. "आज हिच्यावर विश्वास ठेवला," ते म्हणाले. मेहुण्याला हसू आलं, पण दुसरं कुणी हसलं नाही.

मालकांनी घाम पुसला. "ठोकळा आता एकच उरलाय. हाही गेला तर मला काही सांगू नका."

मुलीने केबिनमध्ये जाऊन वाढवलेली खोली काढून टाकली. मिस्त्रींनी नवा ठोकळा बांधला, कटर खाली आणला. ती बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा, कागद की पुठ्ठा?" कारखान्यात ती त्यांना बाबा म्हणाल्याचं तिच्याही लक्षात आलं नाही.

"कागद."

"दाखवा बघू."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिने तो चिमटीत चोळला, उजेडाकडे धरून बघितला, मग त्यांचा वरचा खिसाही चाचपला. आपलीच पोरगी, मिस्त्रींच्या मनात आलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

"चालू करा," ती म्हणाली. थोड्या वेळाने झाकण समपातळीत बसलं.