किटलीची शिट्टी

चंद्रहासला स्वयंपाक येत नव्हता, आणि सेहेचाळीस वर्षांत याबद्दल त्याच्याकडे कुणी खुलासाही मागितला नव्हता. आधी आई होती, मग अस्मिता होती, मधली दोन वर्षं बँकेची मेस होती. बँकेने त्याला तोक्योच्या शाखेत पाठवलं तेव्हा अस्मिता सोबत आली. पुढे लेकीच्या, अक्षयाच्या, बारावीसाठी फेब्रुवारीत तिला मुलुंडला जावं लागलं, तेव्हा नवऱ्याची आबाळ होऊ नये म्हणून तिने सासूबाईंना तोक्योलगतच्या उरायासुला, त्यांच्या फ्लॅटवर धाडलं. प्रभावतीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे दुखरे, मधुमेह सतरा वर्षांचा, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मुलाला जेवू घालायला त्या समुद्र ओलांडून आल्या, आणि अकरा मार्चच्या दुपारी जमीन हलली तेव्हा नेमक्या स्वयंपाकघरातच पडल्या. उजवं मनगट टरटरून सुजलं. कुणी कुणाला जेवू घालायचं, हा प्रश्न तिथेच निकाली निघाला.

उरायासुची बरीचशी जमीन समुद्रात भर घालून केलेली. भूकंपाने ती मूळपदावर यायला निघाली. रस्त्यांतून राखाडी चिखल वर आला, विजेचे खांब लग्नातल्या दारुड्या मामासारखे कलले. इमारत मात्र ताठ उभी राहिली. फक्त तिच्यात गॅस नव्हता, वीज नव्हती, पाणी नव्हतं आणि लिफ्ट नव्हती. "बाकी सगळं ठीक आहे," असं चंद्रहासने मुलुंडला फोनवर सांगितलं. विमानाचं तिकीट चोवीस तारखेच्या आधी मिळत नव्हतं. साहेबांनी पाच दिवसांची रजा दिली, पण देताना मार्चअखेर आहे याची आठवणही दिली. भूकंप कुठेही होवो, मार्चअखेर पुढे ढकलता येत नाही.

पहिले दोन दिवस बिस्किटं, केळी आणि चिवड्यावर गेले. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, उरलेल्या भाताच्या गोळ्यांत मासा होता, आणि प्रभावतीबाईंनी उभ्या जन्मात मासा खाल्ला नव्हता. शनिवारी संध्याकाळी त्यांची साखर अचानक उतरली. चंद्रहासने डब्यातली होती नव्हती ती सगळी ग्लुकोज पूड पाण्यात कालवून त्यांना पाजली. त्या सावरल्या, डबा रिकामा झाला. घरात साखर नव्हतीच, आणि दुकानांतले फळे केव्हाच रिकामे झाले होते. सासूबाई येणार म्हणून अस्मिताने साखर, गूळ, मध सगळं हद्दपार केलं होतं. देवापुढेही ती बदाम ठेवायची.

उरले तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, हळद. विस्तव नव्हता.

रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या हायाशीबाई बॅग घेऊन जिना उतरताना भेटल्या. त्या नागोयाला मुलीकडे निघाल्या होत्या. चंद्रहासने मोडक्या जपानीत विचारलं, "तुमच्याकडे स्टोव्ह आहे का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आहे."

चंद्रहासच्या डोळ्यांपुढे पितळी टाकी, पंप आणि पिन असं सगळं उभं राहिलं. लहानपणी वडिलांच्या हाताखाली त्याने स्टोव्हला पिन मारली होती, तेवढं एक त्याला येत होतं. हायाशीबाईंनी त्याला वर नेऊन कपाटाच्या तळातून, दोन गाद्यांच्या खालून जे बाहेर काढलं ते गुडघाभर उंचीचं, पुढे जाळी असलेलं, खोली गरम करायचं यंत्र होतं. जपानी माणूस स्टोव्ह म्हणतो तो याला. या इमारतीत रॉकेलवर चालणारं असलं काही ठेवायला करारानेच बंदी होती. बाईंनी तो करार अकरा वर्षं गाद्यांखाली झाकून ठेवला होता. त्याच्यासोबत त्यांनी अर्धा कॅन रॉकेल दिलं आणि एक किटली दिली.

"स्टोव्ह लावला की वर किटली पाहिजेच. नाहीतर हवा कोरडी होते, घसा धरतो. आणि खिडकी थोडी उघडी ठेवा."

खिडकीचं तेवढं अवघड होतं. फुकुशिमाच्या बातम्या आल्यापासून मित्रांचे निरोप येत होते: खिडक्या बंद ठेवा, फटींना टेप लावा. धुराने जायचं की किरणांनी, याचा निवाडा चंद्रहास रोज संध्याकाळी दोन बोटांची फट ठेवून करायचा.

स्टोव्हच्या डोक्यावर जेमतेम एक भांडं मावायचं. आच अशी, की तीन लिटरचा कुकर ठेवला तर वाफ कडेने फुसफुसत निघून जायची, शिट्टी म्हणून होत नसे. एका खिचडीला पावणेदोन तास लागत. आणखी एक गुण होता. हादरा बसला की स्टोव्ह खटकन आपोआप विझे. आग लागू नये म्हणून केलेली सोय. जुना असल्यामुळे हा जरा जास्तच हळवा झाला होता, आणि त्या आठवड्यात दिवसाला पंधरा-वीस हादरे बसत होते. भूकंपात वापरायला भूकंपभित्री वस्तू मिळाली, याचं कौतुक करायला चंद्रहासकडे सवड नव्हती. तो काडी ओढायचा, वात धरायची, वास सुटायचा, भांड्याला धग लागायची, की खट्.

"उकळी आली का रे?" आतल्या खोलीतून आवाज यायचा. रॉकेलच्या वासाने प्रभावतीबाईंना खोकला येई, म्हणून त्या मधलं दार लावून रजईत बसत.

"येईल."

"मीठ आत्ता नको. डाळ शिजत नाही मिठाने. आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस, ते काही सिनेमाचं पोस्टर नाही."

इन्सुलिनचा मुलुंडचा नियम पक्का होता. कुकरची पहिली शिट्टी झाली की त्या सुई घ्यायच्या. तिसऱ्या शिट्टीनंतर कुकर उतरायचा, वीस-पंचवीस मिनिटांत ताट समोर यायचं. सतरा वर्षं मुलुंडच्या कुकरने या हिशोबात चूक केली नव्हती. शनिवारी दचकल्यावर चंद्रहासने नवा नियम केला: ताट मांडीवर आल्याशिवाय सुई नाही. प्रभावतीबाईंनी तो मान्य केला आणि चार दिवस पाळला.

बुधवारी संध्याकाळी चंद्रहासला एक कल्पना सुचली. स्वयंपाकघरातली ही त्याची आयुष्यातली पहिली स्वतंत्र कल्पना. कुकरमध्ये गार पाणी तापवत बसण्याऐवजी आधी किटलीत पाणी उकळायचं आणि मग डाळ-तांदळावर ओतायचं. निदान अर्धा तास वाचेल. चार दिवस कोपऱ्यात ठेवलेली किटली त्याने शाळेच्या पटांगणातून रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्याने भरली आणि स्टोव्हवर चढवली. निमुळती, झाकणाची किटली. वीस मिनिटांत तिच्या चोचीतून अशी खणखणीत शिट्टी निघाली की चंद्रहासला स्वतःचा अभिमान वाटला.

त्याने उकळतं पाणी कुकरमध्ये ओतलं, कुकर स्टोव्हवर ठेवला, आणि जमीन हलली. हा हादरा मोठा होता. स्टोव्ह विझला, कुकर घसरला, चंद्रहासने तो दोन्ही हातांनी धरला आणि भाजला म्हणून सोडला. निम्मं पाणी गालिच्यावर गेलं. डाळ-तांदूळ बोटांनी गोळा करून, पुसून, पुन्हा सगळं जुळवून तो काडी ओढायला बसला. वात भिजली होती. आठ काड्या गेल्या. नवव्या काडीला निळी जीभ दिसली. तेव्हा तो आत सांगायला गेला.

"आई, आज उशीर होणार गं. तासभर तरी."

"होऊ दे. दोनच तर राहिल्यात."

"काय दोन?"

"शिट्ट्या. एक झाली की मघाशी. म्हटलं, तुझा कुकर बोलला एकदाचा. मी लगेच सुई घेतली. आज तरी वेळेवर घेऊ म्हटलं, तुला रोज दोनदा यायला लागतं आत."

चंद्रहासने घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती.

"आई, ती किटली होती."

"किटलीला कशाला शिट्टी?"

चंद्रहासने टॉर्च आईच्या तोंडावर धरला. कपाळावर घाम होता. बाहेर चार अंश तापमान, अंगावर रजई, आणि कपाळावर घाम. हात धरला तर बोटं थरथरत होती.

"बरं वाटतंय ना?"

"बरं आहे. जरा हलल्यासारखं होतंय."

"ती जमीन हलतेय."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे बघत, "सुरेश, शाळा सुटली का रे?"

सुरेश त्यांचा धाकटा भाऊ. तो जाऊन बारा वर्षं झाली होती.

चंद्रहासने रुग्णवाहिकेसाठी एकशेएकोणीस लावला. पलीकडच्या बाईने पत्ता दोनदा म्हणून दाखवला. गाडी निघतेय, म्हणाली, पण खचलेल्या रस्त्याला वळसा घालून येईल, चाळीस मिनिटं लागतील. तोवर गोड काहीतरी द्या. ती ते इतक्या मायेने म्हणाली की चंद्रहासला वाटलं, हिच्याच हातात साखर असेल.

त्याने स्वयंपाकघराचे सगळे खण जमिनीवर रिते केले. बिनसाखरेच्या गोडव्याच्या दोनशे पुड्या निघाल्या. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रक्तातली साखर वाढत नाही. त्याने ते पाकीट भिंतीवर फेकलं. कुकरमध्ये बोट घातलं. तांदूळ खड्यासारखे होते. आतून आई सुरेशला दप्तर भिंतीशी ठेवायला सांगत होती.

तो जिन्यात धावला. काळोख होता. शेजारची दोन्ही दारं ठोकली, कुणी नव्हतं. निम्मी इमारत नातेवाइकांकडे गेली होती. जपानीत साखरेला सातो म्हणतात, एवढं त्याला येत होतं. विनंती कशी करायची तेही येत होतं, कारण बँकेत फोनवर तो दिवसाला वीस वेळा एकच वाक्य म्हणायचा: अमुक-सान, ओनेगाइ शिमास. म्हणजे, कृपया अमुक साहेबांना फोन द्या. रेलिंग धरून तो खाली वाकून ओरडला, "सातो, ओनेगाइ शिमास! सातो!"

दोन मजले खाली एक दार उघडलं. टॉर्च लागला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात पायजमा असा एक म्हातारा लगबगीने वर आला आणि त्याने वाकून नमस्कार केला.

"हो. सातो मीच."

आपल्याकडे कुलकर्णी सापडतात तितके जपानात सातो सापडतात, हे चंद्रहासला माहीत होतं. आत्ता आठवलं नाही.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. "सातो. सातो पाहिजे."

"हो, हो. मी सातो. काय झालं?"

चंद्रहास मराठीत रडायला लागला. मराठीतच म्हणाला, "अहो आजोबा, आई चालली माझी." मग त्याने पोटाशी बोट खुपसून सुई दाखवली, म्हणाला, "ओकासान," म्हणजे आई, "इन्सुलिन," आणि बोटांची चिमूट तोंडाशी नेली. म्हाताऱ्याला उमगलं. तो वळला, वयाला न शोभणाऱ्या वेगाने दोन मजले उतरला, आणि आणीबाणीच्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. झाकण तोडून त्याने डबा पालथा केला. विटेसारख्या टणक बिस्किटांतून एक छोटी पुडी पडली. घशाला कोरड पडू नये म्हणून त्या डब्यांत घालतात ती. आत खडीसाखर होती.

खडे तसेच दिले तर घशात अडकतील. सातोंनी ते टॉर्चच्या बुडाने फोडले, चंद्रहासने किटलीतल्या उरल्यासुरल्या कोमट पाण्यात विरघळवले. तो चमच्याने आईच्या गालात पाणी सोडत राहिला. पहिले चार चमचे हनुवटीवरून ओघळले. पाचवा गिळला गेला. सातो टॉर्च धरून उभे होते आणि प्रत्येक घोटाला स्वतःही गिळत होते. बारा मिनिटांनी प्रभावतीबाईंनी डोळे नीट उघडले.

"हा कोण टोपीवाला?"

"शेजारी, आई."

"आधी बसायला दे त्यांना. असा उभा काय ठेवलास."

गाडी आली. तिघं जण बूट काढून, पायांत पिशव्या चढवून आत आले. बोट टोचलं, आकडा पाहिला, माना डोलावल्या. एकाने विचारलं, आता पोटात काही अन्न जायला हवं, नाहीतर पुन्हा उतरेल. तयार आहे का?

चंद्रहासने स्टोव्हकडे बोट दाखवलं. त्या माणसाने कुकरचं झाकण उचलून टॉर्च मारला. गढूळ पाण्याच्या तळाशी गालिच्याचे दोन केस आणि कच्चे तांदूळ दिसत होते. त्याने झाकण पुन्हा ठेवलं, अगदी हळू, आवाज न करता. शिवी दिली असती तर चंद्रहासला बरं वाटलं असतं.

"घरी ठेवायचं की दवाखान्यात न्यायचं?"

पाच दिवस चंद्रहास रोज सकाळी मुलुंडला सांगत होता की मी आहे ना, तू अक्षयाच्या पेपरकडे लक्ष दे.

"न्या," तो म्हणाला. "मला जमत नाही."

सातोंनी जिन्यात प्रत्येक पायरीवर उजेड धरला.

दवाखान्यात दिवे होते. व्हरांड्यातल्या खाटेवर नर्सने वाफाळता वाडगा आणून दिला. नुसते तांदूळ मऊ शिजवलेले, पाणी, मीठ. मासा नाही, हे चंद्रहासने तीनदा विचारून घेतलं.

"काय म्हणतात याला?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"ओकायू."

"ईऽ. जेवताना असलं नाव?" त्यांनी डाव्या हाताने एक चमचा तोंडात घातला. दुसरा घातला. "पेज आहे रे. चांगली शिजलीय." त्यांनी वाडगा तळापर्यंत संपवला आणि चमचा चाटला. चंद्रहास एकेक चमचा मोजत होता. शेवटच्या चमच्यानंतर त्याला मोजायला काही उरलं नाही, आणि सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

नर्स वाडगा उचलायला आली. "आजींना आणखी देऊ?"

चंद्रहासने नकारार्थी मान हलवली, आणि भाजलेला हात उचलून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.