खंबीर मनाची प्रश्नावली

साठ सालच्या आसपासची गोष्ट. अलिबागला सुईणींना शिकवणाऱ्या एका लहानशा शाळेत मी मास्तरीण होते. एक दिवस आमच्या मोठ्या बाईंनी परदेशातून आलेली इंग्रजी प्रश्नावली माझ्यापुढे टाकली. संकटात माणसाचं मन किती खंबीर राहतं, ते म्हणे यातून कळतं! "मराठीत कर. यंदाची निवड यावरच करू," त्या म्हणाल्या. मला नसत्या उचापतींची भारी हौस. लगेच बसले.

'संकटात मी कुणाच्याही मदतीशिवाय उभी राहते,' अशी वाक्यं. पुढे हो किंवा नाही. हो म्हटलं की गुण. मला तर वाटलं, झकास उतरलंय!

उमेदवारांत बोर्ली पंचतनकडच्या कोळीवाड्यातली एक तरुण विधवा होती. नवरा वादळात गेलेला. इथं जागा मिळाली नाही तर लेकरू आईपाशी टाकून मुंबईला भांडी घासायला जायचं, हे तिनं आल्या आल्याच सांगितलं होतं. आणि मदतीच्या प्रत्येक वाक्यापुढे पठ्ठीनं 'नाही' लिहिलेलं! झाली नापास.

ही एवढी धडधाकट, हसरी बाई, आणि खंबीर नाही? मला चैन पडेना. रविवारी एस.टी.नं तिचा कोळीवाडा गाठला आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायांना तेच वाक्य वाचून दाखवलं. सगळ्या खो खो हसल्या. "असं कोन म्हंतं, बाय? लय गर्वाची दिसते!"

तेवढ्यात होडी किनाऱ्याला लागली. बाया हातातलं टाकून दोराकडे धावल्या, मीही धावले. तळहात सोलवटले, पण मला कुणी नको म्हणालं नाही. आलेल्या हाताला नको म्हणायची तिथं रीतच नव्हती.

निकाल लागेपर्यंत ती विधवा शाळेतच उतरली होती. परतल्यावर मी तिला हळूच म्हटलं, "अगं, पुन्हा सोडव आणि हो लिही. जागा तुझीच."

"न्हाय, बाई. ज्यांनी माज्या पोराला जेवू घातलं, त्यांना काय तोंड दाखवू?"

मी तणतणतच मोठ्या बाईंकडे गेले. "वाक्यच चुकलंय, बाई."

"एवढ्या शिकलेल्या लोकांनी केलेलं, आणि तुला चुकीचं वाटतं?"

"मग तुम्हीच सोडवून बघा ना!"

त्या इरेला पेटल्या. पेन्सिल घेऊन भराभर हो, हो, हो. शेवटी मात्र थांबल्या.

"मागं मला टायफॉईड झाला, तेव्हा माझ्यापाशी कोण होतं गं?"

"तुम्ही कुणाला कळवलंच नाहीत."

"हं. आणि पूर्ण गुण मला."

मला फार वाईट वाटलं. बाईंनी मदतीची सगळी वाक्यं खोडली. "तिला सोमवारपासून यायला सांग," म्हणाल्या. मी दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "आणि तू आज जेवायला येशील का माझ्याकडे?"