गाडीतलं विरिप्लाकाचं देऊळ

दारावरची बेल वाजली की मला दुबईशेजारच्या अजमानमधलं आमचं पहिलं वर्ष आठवतं. नवऱ्याच्या खिशात किल्ली असायची, तरी रास अल खोरच्या गोदामातल्या कामावरून परतला की तो बेलच वाजवायचा आणि कणकेच्या हातांनी मी दार उघडायला धावायचे. एकदा चर्चला जाताना याच बेलवरून गाडीत आमची जुंपली. "मला वसईला पाठव, खलास!" मी ओरडले. मागच्या सीटवर शेजारच्या आंटी होत्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "रोममध्ये विरिप्लाका नावाची देवी होती. भांडलेले नवराबायको तिच्या देवळात जायचे. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, मग पाळी बदलायची. मन मोकळं झालं की दोघं मिळून घरी. फादरना सांगू नका हं, पण आज ही गाडीच देऊळ समजा." मग नवऱ्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "यल्ला, चल, आधी तू." पुढे ट्रॅफिक तुंबलेलं, एसी घरघरत होता. समोरच्या गाड्यांकडे बघतच तो म्हणाला, "ही दिवसभर एकटी असते. लिफ्टमधून वर येताना रोज वाटतं, आज बॅग भरून गेली असेल. किल्लीने उघडलं आणि आत कुणीच नसलं तर? बेल वाजवली की हिची पावलं ऐकू येतात." आंटी मला म्हणाल्या, "आता तू." माझ्याकडे ढीगभर तक्रारी होत्या, त्यातली एकही आठवेना. आंटी केव्हाच गावी परतल्या, देवी तर पार रोमची. दोघींचे उपकार मी कुठे फेडणार? आज संध्याकाळीही बेल वाजली. किल्ली त्याच्या खिशातच आहे हे ठाऊक असून मी उठले आणि मुद्दाम पाय वाजवत दाराकडे गेले.